लोहाऱ्याचा गाळा आणि तुमचं कुलूप

बाबा,

आज सकाळी तुमचं कुलूप मी दुसऱ्या बाईच्या हाती दिलं. किल्लीसकट दिलं. तेच ते पितळेचं, तळहाताएवढं, माझ्या लग्नात तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेलं. खरं सांगायचं तर मला आज इतका आनंद झाला आहे की घरी येऊन चहा टाकला आणि तो उतू गेला तरी मी आपली ओट्याशी तशीच उभी. तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही, कारण मी तुमच्यावर रुसून होते. कशावरून ते तुम्हाला ठाऊकही नसेल. आज तो रुसवा संपला, आणि कसा संपला ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला काही चैन पडायची नाही.

तुम्ही बाभुळगावच्या सरकारी धान्य गोदामाचे गोदामबाबू. मी आठ-नऊ वर्षांची असेन. शाळेला सुट्टी आहे, आईला घरात माझी कटकट नको आहे, म्हणून तुम्ही मला बरोबर नेलं आहे. आत छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या, ज्वारीचा आणि सुतळीचा मिळून एक वास. तुम्ही आत आल्या आल्या ते मोठं दार ओढून घेता आणि एकदम काळोख होतो. मी तुमच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरते. "भिऊ नोको वं. वर पाह्य," तुम्ही म्हणता. वर टिनात बारीक बारीक उजेडाची भोकं दिसतात. "मोज." मी मोजते, सात भरतात. "उजेड जिथून येते ना, तिथूनच पानी येते. गोदाम पाहाचं असन तं दार लावून पाहाव, उघडं ठेवून नाई." मग तुम्ही मला मधल्या गल्लीतून फिरवता आणि एकेक शिकवता. थप्पी भिंतीपासून हातभर लांब हवी. खाली फळ्या हव्यात. मधून माणूस चालेल एवढी वाट हवी. आत काडी नाही. विडी ओढणारा हमालसुद्धा माचीस दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवूनच आत शिरणार. आणि या सगळ्याच्या वर तुमचं ते एक वाक्य, जे मला पुढे जन्मभर पुरलं: "पयले बाहेर काय काढाचं हाये थे सांग, मंग आत काय टाकाचं थे ठरव."

आता ती वणीची संध्याकाळ. तुमची बदली झाली तेव्हा मी दहा वर्षांची. आई तापाने फणफणलेली, म्हणून स्वयंपाकघर बांधायचं काम माझ्याकडे आलं. मी काय ऐटीत बांधलं होतं! जड खाली, हलकं वर, कपबश्या आईच्या जुन्या लुगड्यात. पावसाचे दिवस होते, काड्या सादळतील म्हणून आगपेटी मी खास डोकं लढवून गव्हाच्या पिंपात खुपसली. आणि हमालांनी ते पिंप ट्रकमध्ये सगळ्यात आधी, पार आतल्या बाजूला चढवलं. वणीला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. आई नुसत्या सतरंजीवर पडलेली. स्टोव्ह निघाला, रॉकेल निघालं, चहा-साखर निघाली, आणि काडी मात्र अर्ध्या संसाराखाली. नव्या गावात पहिल्याच दिवशी तुम्ही शेजाऱ्याच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिलात. तो माणूस राजूरच्या खाणीतून नुकताच आला होता, कोळशाने काळा, त्याने भिंतीआडून हात लांब करून माचीस दिली. तुम्ही परत आलात, स्टोव्ह पेटवलात, आणि दोन्ही हमालांच्या देखत आईला म्हणालात, "हिच्या हाती कुलूप देऊ नोको." आई म्हणाली, "लेकरू हाये थे." तुम्ही परत तो विषय काढला नाहीत. मी मात्र ते वाक्य सोडलं नाही. शाळेत पहिला नंबर आला तेव्हा आठवलं, शिवणाच्या परीक्षेत जिल्ह्यात नाव झालं तेव्हाही आठवलं.

माझं लग्न होऊन मी परत बाभुळगावलाच आले. निरोपाच्या वेळी इतर बाप डोळे पुसतात, डोक्यावर हात ठेवतात. तुम्ही खिशातून ते वर्तमानपत्राचं पुडकं काढलंत, माझ्या ओंजळीत ठेवलंत आणि म्हणालात, "कामी येईन." मला वाटलं, टोमणा आहे. बारा वर्षांनीसुद्धा बाबा तो टोमणा विसरले नाहीत! मी ते कुलूप ट्रंकेच्या तळाशी टाकलं आणि वीस वर्षं त्याच्याकडे पाहिलं नाही. मधल्या काळात तुम्ही गेलात. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

पुढची ती वर्षं तुम्ही पाहिली नाहीत. कापसाचा भाव पडला आणि पडूनच राहिला. आपल्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात. मोठ्या शहरांतून गाड्या भरून कॅमेरे यायचे आणि त्यांना रडणारी बाई हवी असायची. दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. चार घरं सोडून एका घरात होतंच, मीही तिथे जाऊन बसले आहे. पण एकदा ती मंडळी माझ्या शिवणक्लासात शिरली, तर तिथे चौदा बाया एका आवाजात मशिनं चालवत होत्या आणि कुणाच्या तरी सुनेच्या फजितीवर खो खो हसत होत्या. कॅमेरेवाले पाच मिनिटांत निघून गेले. त्यांच्या कामाचं काहीच नव्हतं तिथे.

तो क्लास एका शेतकरी काकांच्या घराच्या पुढच्या खोलीत भरायचा. भला माणूस. दिवाळी झाली आणि ते टोपी हातात घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, यंदा मी कापूस इकून नाई राह्यलो. भाव येईलोक घरातच भरतो. तुमची खोली लागते मले." मी घर पाहून आले. माजघरात खिडकीपर्यंत कापूस, त्यावरच पोरं झोपलेली, अंगाला खाज सुटून रक्त निघेस्तोवर खाजवत होती. काकांची बायको चुलीशी बसलेली आणि तिच्या केसांत सगळे कापसाचे पुंजके. मी खोली सोडली. गावातल्या प्रत्येक घरात त्या साली हेच चाललं होतं. कापूस घरात आणि संसार अंगणात.

पण माझ्या चौदा मशिनांचं काय? माझ्या म्हणजे बायांच्या. प्रत्येकीचं मशीन तिचं स्वतःचं होतं, कुणाला माहेरचं, कुणी दोन बकऱ्या विकून घेतलेलं. घरात बाईचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. आमच्यात वयाने सगळ्यात मोठी एक काकू होती, साठीची, तोंडाने फटकळ. तिने आपलं मशीन घरी नेलं तर आठ दिवसांत त्यावर कापसाचा ढीग लागला, आणि नवव्या दिवशी मुलगा ते उकरून काढू लागला. "मांगच्या दाराशी गिऱ्हाईक उभं! मंग मी काय केलं मॅडम, मशीनवरच बसली. म्हटलं उचला, मलेबी संगच उचला." ते गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत वाट पाहून गेलं. आम्ही पोट धरून हसलो, पण हसता हसता प्रत्येक बाई आपल्या मागच्या दाराचा विचार करत होती. यवतमाळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने मला शब्द दिला होता: मे महिन्यात चौदाही मशिनं चालू स्थितीत दाखवा, शाळेचे सगळे गणवेश तुमचे. एक जरी बंद निघालं तर काम दुसरीकडे जाईल. म्हणजे दिवाळीपासून मेपर्यंत चौदा मशिनं कोरडी, शाबूत आणि बायांचीच राहायला हवी होती. मी सगळ्यांसमोर म्हणून बसले, "मी ठेवते." म्हटलं आणि वणीचा स्टोव्ह डोळ्यांसमोर उभा राहिला.

जागा शोधायला निघाले. पहिली फुकट मिळत होती, गावातल्याच एका जिनिंग कारखान्याची जुनी खोली. दार उघडलं आणि सरकीचा वास आला. शेजारी सरकीचा ढीग, म्हणजे उंदरांची पंगत, आणि उन्हाळ्यात कापसाच्या शेजारी आगीची धास्ती निराळीच. लोक म्हणाले, फुकट देतात तरी बाईचे नखरे पाहा. दुसरी यवतमाळला, एका कापडदुकानाखालचं तळघर. झाडलेलं, रंगवलेलं, पंखासुद्धा होता. मी खाली बसून भिंतीला तळहात लावला. हात कोरडा, पण गुडघ्याच्या उंचीपर्यंत चुना फुगून आला होता आणि नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. दुकानदार म्हणाला, "अहो बाई, डिसेंबरात कुठली ओल?" मी म्हटलं, डिसेंबर जायचा आहे ना अजून. त्याने मला वेड्यात काढलं असणार.

तिसरी लोहाऱ्याला. तिथल्या औद्योगिक वसाहतीच्या एका टोकाला बंद पडलेल्या छोट्या कारखान्यांचे गाळे होते. टिनाचं छत, सिमेंटची जमीन, पुढे शटर. मालक जाडजूड, पान खाणारा. "पाहा, एकदम टकाटक," म्हणून तो बाहेर उभा राहिला. मी त्याला म्हटलं, आत या आणि शटर खाली ओढा. त्याने ओढलं. काळोख झाला. मी वर पाहू लागले. एक, दोन, तीन भोकं, आणि कोपऱ्यात नखाएवढी एक फट. तो बिचारा कासावीस. "मॅडम, शटर उघडा हो, लोक काय म्हनतीन!" मी म्हटलं, थांबा, मोजू द्या. बाहेर आल्यावर मी चारही ठिकाणी डांबर लावून द्या म्हटलं, तर तो चिडला. "मशीन ठेवाची हाये का पोरगी द्याची हाये?" मी म्हटलं, "पोरगी देताना लोकांनी एवढं पाह्यलं असतं तं लय पोरी सुखी राह्यल्या असत्या." तो हसला, आणि चार दिवसांत डांबर लागलं. मी परत गेले, परत शटर ओढायला लावलं. या वेळी तो लांब रस्त्यावर जाऊन उभा राहिला. आत मी एकटी, डोळे उघडे काय नि मिटले काय, सारखंच. त्या गच्च काळोखात मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, एकही नाही!"

मग बांधाबांध. टेम्पो आणायच्या आधी मी सगळ्यांना बसवलं आणि तुमचा प्रश्न विचारला, मे महिन्यात शटर उघडल्यावर पहिल्यांदा बाहेर काय यायला हवं? कुणी म्हणाली मशीन, कुणी म्हणाली कात्री. काकू म्हणाली, "चाय!" सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, मे महिन्यात लोहाऱ्याला उन्हातून येऊन कुणाचा पाय मशीनवर बसणार आहे चहाशिवाय? म्हणून सगळ्यात शेवटी, शटरला लागून, एक खोकं चहाचं ठरलं. त्याच्या मागे तेलाचा डबा आणि पेचकस, त्याच्या मागे पहिल्या रांगेची मशिनं, आणि तयार झालेली जुनी मापं, कागदी कटिंग वगैरे पार आत.

मशिनांची डोकी स्टँडवरून काढली, तेल पाजलं, जुन्या सुती लुगड्यांत गुंडाळली. विटांवर फळ्या, फळ्यांवर मशिनं, भिंतीपासून हातभर लांब, मधून वाट. कुणाचं कुठलं ते कसं ओळखायचं? मी आकडे लिहू लागले तर निम्म्यांना वाचता येत नव्हतं. मग काकूनेच आपल्या नेसत्या लुगड्याच्या पदराची पट्टी टर्रकन फाडली आणि मशीनला बांधली. "हे माझं. आता ब्रह्मदेव आला तरी चुकनार नाई." बाकीच्यांनीही फाडल्या. हिरवी, जांभळी, बुट्ट्यांची, एक तर लग्नातल्या शालूची. आणि प्रत्येक मशीनची चामड्याची वादी, चाकावरून फिरते ती, आम्ही काढून घेतली, कारण उंदीर आधी तीच खातात. कुठे ठेवायची? मी म्हटलं, जिची वादी तिने घरी न्यायची, आणि जी बाई स्वतः वादी घेऊन येईल तिलाच तिचं मशीन मिळेल. नवऱ्याला नाही, पोराला नाही, सासऱ्याला नाही. हे बोलताना माझंच मला नवल वाटलं. ही युक्ती तुमची नव्हे, बाबा, माझी. वादीशिवाय मशीन म्हणजे नुसतं लोखंड, आणि साडीच्या घडीत ठेवलेली एक वादी कुणी शोधत नाही.

शेवटी चहाचं खोकं. स्टोव्ह, पिन, पातेलं, गाळणी, चहा, डब्यात साखर, पंधरा कप. रॉकेल मी बाहेर काढलं, माचीसही बाहेर काढली. गोदामात काडी नाही. दोन्ही त्या दिवशी येताना आणायचं ठरवलं. शटर ओढलं आणि ट्रंकेच्या तळातून काढलेलं तुमचं कुलूप लावलं. वीस वर्षं पडून होतं, तरी एका फिरकीत लागलं. किल्ली मी मंगळसूत्राच्या पोतीत अडकवली.

महिनाभर बरं गेलं. मग संक्रांतीनंतर एक नवरा दारात आला. हिरव्या पट्टीवालीचा. आमच्यातली सगळ्यात लहान ती, हाताला इतकी सफाई की कॉलर उलटी केली तरी टाका दिसू नये. तो म्हणाला, "मॅडम, आमचं मशीन द्या. गिऱ्हाईक भेटलं." मी म्हटलं, वादी घेऊन तिला पाठवा. आठ दिवसांनी परत आला, या वेळी आवाज चढवून. "मशीन आमच्या घरचं हाये, तुम्ही कोन रोकनाऱ्या?" मी किल्ली पदराखाली धरून उभी. तेच उत्तर दिलं. त्याचाही इलाज नव्हता हे मला दिसत होतं, डोळे खोल गेलेले. पण मशीन गेलं असतं तर तिच्यापाशी उरलं काय असतं? आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. एकटी. हातात वादी. संपलं, म्हटलं. ही मागणार आणि मला द्यावं लागणार, शब्द माझाच. ती उंबऱ्यातच उभी राहिली. "मॅडम, हे वादी तुमच्यापाशीच ठेवून घ्या. घरात राह्यली तं मी एखांद्या दिवशी देऊन टाकीन. तो रोज जेवत नाई, मले पाह्यवत नाई." मी वादी घेतली. आम्ही दोघी ओट्यावर बसून रडलो, आणि रडून झाल्यावर तिने माझ्या ब्लाउजची बाही नीट बसत नाही म्हणून मला बोलून घेतलं.

मार्चमध्ये गारपीट झाली. अर्धा तास टिनावर दगड पडल्यासारखा आवाज, झाडं उघडी बोडकी. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी लोहाऱ्याला. रस्त्यात प्रत्येक टिनाकडे पाहत होते. कुलूप काढलं, शटर वर केलं, आत गेले, शटर परत खाली ओढलं. काळोख. गच्च, कोरडा काळोख! फळ्यांखाली हात घातला, धूळ. मी एकेका पट्टीला हात लावत मधल्या वाटेने मागेपर्यंत गेले आणि आले. परत येताना, खोटं कशाला बोलू, मुद्दाम यवतमाळला उतरून ते तळघर पाहायला गेले. दुकानदार पँट दुमडून पाणी उपसत होता, घोट्याइतकं होतं. शेजारच्या टपरीवर उभं राहून एक लस्सी प्याले, आणि ती संपेपर्यंत त्याच्याकडे पाहिलं. माणसाने एवढं तरी सुख घ्यावं.

आणि मग तो मे महिना, ऊन असं की शटरला हात लावला तर चटका बसावा. चौदा जणी टेम्पोतून उतरल्या, तेरा जणींच्या हातात वादी. चौदावीची माझ्या पिशवीत. मुख्याध्यापिका अकरा वाजता येणार होत्या, आम्ही आठलाच हजर. कुलूप उघडलं. शटर वर गेलं. पहिल्यांदा चहा बाहेर आला. मग तेलाचा डबा आला, पेचकस आला, आणि मग एकेक मशीन, आपापल्या पट्टीसकट, कुणालाही काही विचारावं लागलं नाही. लुगडी सोडली, डोकी स्टँडवर बसली. वाद्या चढल्या. काकूने पहिला पाय मारला आणि खडखडखड आवाज झाला, बाबा, तो आवाज! दुसरं चाललं, तिसरं चाललं. तेरावं जरा अडलं, तेल दिलं, चाललं. चौदावं हिरव्या पट्टीचं. मी वादी तिच्या हातात दिली. तिने ती चढवताना माझ्याकडे पाहिलं नाही, पण चाक फिरलं तेव्हा तोंडात पदर कोंबला. अकराला मुख्याध्यापिका आल्या तेव्हा चौदाही मशिनं एकदम चालू होती आणि टिनाचं छत नुसतं घुमत होतं. त्यांनी कानाला हात लावले आणि ओरडून विचारलं, "कापडाचे गठ्ठे कुठे उतरवू?"

गठ्ठे तिथेच उतरवले. आम्ही ती मशिनं परत बाभुळगावला नेलीच नाहीत. रांगा होत्या, मधून वाट होती, भिंतीपासून हातभर जागा होती, भिंतीत खिडकी तेवढी पाडून घेतली. जो गाळा ठेवण्यासाठी घेतला तोच कारखाना झाला. पुढल्या वर्षी शेजारचा घेतला. तो पान खाणारा मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "या बाईनं मले अंधारात कोंडलं होतं." हिरव्या पट्टीवालीचा नवरा आता आमचे गठ्ठे टेम्पोने पोचवतो. सणाला पेढे आणतो, आणि त्या संक्रांतीबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. काकू गेली. तिचं मशीन तिच्या पट्टीसह अजून पहिल्या रांगेत आहे. पट्टीचा रंग ओळखू येत नाही, पण मशीन बेस्ट चालतं.

आज माझे गुडघे बोलतात, रोज लोहाऱ्याला जाणं जमत नाही. म्हणून सकाळी सगळ्यांसमोर ते कुलूप मी हिरव्या पट्टीवालीला दिलं. तिने विचारलं, "मॅडम, मलेच काहून? माझ्याहून मोठ्या हायेत ना." मी कुलूप तिच्या ओंजळीत नीट ठेवलं. आणि म्हणाले, "कामी येईन." एवढंच. आणि म्हणता म्हणता मला लख्ख कळलं, बाबा, की तो टोमणा नव्हता. ज्याच्या हाती द्यायचं नाही त्याला कुणी कुलूप देतं का? इतकी साधी गोष्ट कळायला मला चाळीस वर्षं लागली. तुम्हाला तुमचे शब्द मागे घेता येत नव्हते, म्हणून तुम्ही ते वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेत. तुम्ही एक शब्द जास्त बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण जाऊ दे. मीही आज तिला तेवढंच बोलले.

तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी हे पत्र मी इथवरच लिहून टाकलं नसतं, कारण एक गोष्ट राहिली आहे. त्या मे महिन्याच्या सकाळी पहिल्यांदा चहाचं खोकं बाहेर आलं असं मी वर मोठ्या तोऱ्यात लिहिलं. स्टोव्ह होता, पिन होती, गाळणीसुद्धा होती. रॉकेल मी आठवणीने बाटलीत आणलं होतं. चौदा बाया माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "तुम्ही वाद्या चढवा, मी जरा नळ पाहून येते," आणि चार गाळे सोडून पलीकडे एक चौकीदार बसला होता, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याने खिशातून काढून दिली, तीनच काड्या उरल्या होत्या. परत येताना मला वणीची ती भिंत दिसली, आणि भिंतीपाशी हात पुढे करून उभे असलेले तुम्ही, आणि मला भर उन्हात एकटीला हसू आवरेना. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माचीस घरीच राहिली होती, बाबा.